वडा इकडचा, बटाटा तिकडचा

लातूरच्या गंजगोलाईत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उभे राहिले, की तिथे येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कुठून ना कुठून तरी तळणीचा वास येतोच. एका शिक्षक शिबिराच्या निमित्ताने आम्ही लातुरात होतो, तेव्हा काही शिक्षक आणि त्यांचे नववी-दहावीचे विद्यार्थी यांच्याबरोबर अशाच एका हातगाडीसमोर उभे होतो. कढईत बटाटेवडे तळले जात होते, परातीत मिरचीची भजी होती. बाजूला शेंगदाण्याची लाल चटणी, चिंचेचे पाणी, पाव आणि कापलेला कांदा होता. त्या दिवशी एकादशी असल्याने पलीकडच्या गाडीवर साबुदाणा वडाही होता.

आम्ही मुलांना एक काम सांगितले. गाडीवर दिसणाऱ्या प्रत्येक पदार्थातले घटक वहीत लिहा आणि त्यातला कोणता घटक १४९२ सालाआधी, म्हणजे कोलंबस अटलांटिक महासागर ओलांडून जाण्याआधी, आपल्या मुलखात मिळाला नसता त्यावर काट मारा. अंदाज चुकले तिथे आम्ही दुरुस्त केले. पाहता पाहता बटाटा गेला, हिरवी मिरची गेली, लाल तिखट गेले, शेंगदाणा गेला, साबुदाणाही गेला. मिरचीच्या भज्यात उरले नुसते पीठ, हळद आणि मीठ! मुले हसत होती, पण एक मुलगी वहीकडे बघत म्हणाली, "सर, मग आपलं असं काय राहिलं?"

प्रश्न थट्टेने विचारलेला नव्हता, आणि तिथल्या तिथे आम्हाला त्याचे धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. त्यासाठी आपल्याला लातूरहून बरेच लांब, क्रिकेटमुळे आपण ज्यांना वेस्ट इंडीज म्हणून ओळखतो त्या कॅरिबियन बेटांवर जावे लागेल. कारण काट मारलेल्या बऱ्याच घटकांची वाट त्या बेटांवरून येते. आणि तिथे पोचल्यावर एक वेगळीच हातगाडी आपली वाट पाहत आहे.

आधी मिरचीचे पाहू. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचा लाल मिरचीचा बाजार पाहिलेल्या माणसाला मिरची परदेशी आहे यावर विश्वास ठेवणे जड जाते. मग ती तशी आहे हे कशावरून? शास्त्रज्ञ असे म्हणतात म्हणून, हे उत्तर वर्गात चालू नये. पुरावे तीन प्रकारचे आहेत. पहिला वनस्पतीचा. लागवडीच्या पिकाचे जंगली भाऊबंद सहसा त्याच्या मूळ प्रदेशात सापडतात. मिरचीच्या प्रजातीतल्या रानटी जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. आपल्याकडच्या रानात एकही नाही. दुसरा पुरावा उत्खननाचा. मिरचीतल्या पिष्टाच्या कणांना विशिष्ट आकार असतो आणि ते जुन्या पाट्या-वरवंट्यांवर, भांड्यांवर चिकटून टिकतात. असे कण बहामा बेटांपासून पेरू देशापर्यंत अनेक ठिकाणी सापडले असून त्यांतले सर्वांत जुने, इक्वेडोरमधले, सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहेत. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. तिसरा पुरावा लिखिताचा. अबुल फजल याने १५९० च्या दशकात लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे जिन्नस मापासह दिले आहेत. त्यात मिरे आहे, आले आहे, मिरची नाही. याउलट कोलंबसाच्या रोजनिशीत जानेवारी १४९३ मध्येच हिस्पॅनिओला बेटावरच्या 'अही' नावाच्या तिखट फळाची नोंद आहे.

'अही' हा शब्द ताइनो लोकांचा. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका, पोर्तो रिको या बेटांवर आणि बहामात हे लोक राहत होते. कोलंबस निघाला होता आपल्या मिऱ्याच्या शोधात. मिरे मिळाले नाही, तिखट फळ मिळाले, म्हणून युरोपीय लोकांनी त्यालाही मिऱ्याचेच नाव दिले. गंमत म्हणजे, मिरची पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा आपणही तेच केले. 'मिरची' हा शब्द 'मिरे'वरूनच आला आहे. नवा पाहुणा आला की त्याला घरातल्याच कोणाचे तरी नाव द्यायचे, ही माणसाची जुनी खोड दिसते. ही खोड लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटेल. (शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. कॅरिबियन बेटांवरच्या जहाल मिरचीच्या जातीला १७७६ साली याक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'चिनेन्स', म्हणजे चीनची, असे नाव दिले. चीनचा तिच्याशी मूळचा काही संबंध नाही. पण नाव कायम राहिले.)

आता बटाटा. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांनी तो ताइनोंकडून उचलला. मात्र ताइनो लोक 'बटाटा' म्हणत ते रताळ्याला! आपण ज्याला बटाटा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथले त्याचे नाव 'पापा'. युरोपात ही दोन्ही जमिनीखालची पिके पोचल्यावर नावांची सरमिसळ झाली आणि रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले. मग रताळ्याचे काय? तेही अमेरिकेतून आलेले. पण मराठीत त्याला 'रक्तालु' या आपल्या जुन्या तांबड्या कंदाचे नाव मिळाले आणि त्याचे 'रताळे' झाले. म्हणजे लातूरच्या गाडीवर एखादे पोर "बटाटावडा द्या" म्हणते, तेव्हा त्याच्या तोंडी कॅरिबियन बेटांवरचा, पाचशे वर्षांपूर्वी रताळ्यासाठी वापरात असलेला एक शब्द असतो.

शेंगदाण्याचीही तीच कथा. दक्षिण अमेरिकेत दोन रानटी जातींच्या संकरातून हे पीक तयार झाले. आपल्याकडे आल्यावर त्याला नाव मिळाले भुईमूग, म्हणजे भुईतला मूग. आज लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रात याच भुईमुगाचे वाण तयार केले जातात. साबुदाण्याने तर दोनदा नाव बदलून घेतले आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो पामच्या खोडातल्या गराचा. आपण खातो तो कसाव्हाच्या, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा. तामिळनाडूतल्या सेलम भागात १९४० च्या दशकापासून तो मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. हा कंद ताइनोंचे मुख्य अन्न होता. त्याच्या कडू वाणांत सायनाइड मुक्त करणारी संयुगे असतात. ताइनो बायका कंद किसून, पिळून, त्यातला रस काढून टाकीत आणि चोथ्याची भाकरी तव्यावर भाजत. किसल्यामुळे पेशी फुटतात आणि विकर कामाला लागून विष मोकळे होते. पिळल्याने व भाजल्याने ते निघून जाते. रसायनशास्त्राचे पुस्तक नसताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शोधलेली ही प्रक्रिया आहे. एकादशीच्या फराळात शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळे आणि साबुदाणा हे सगळेच त्या बाजूचे असावेत, हा योगायोग वर्गात सांगितला तर मुले तो विसरणार नाहीत.

मग ज्यांनी आपल्याला ही नावे आणि पिके दिली त्या ताइनोंचे काय झाले? पन्नास-साठ वर्षांत त्यांचा समाज जवळजवळ उद्ध्वस्त झाला. सोन्याच्या खाणींतली सक्तीची मजुरी, उपासमार, आणि १५१८ च्या अखेरीस हिस्पॅनिओलावर पोचलेली देवीची साथ यांनी तो मोडला. रिकाम्या झालेल्या या बेटांवर युरोपीयांनी जे पीक वाढवले ते मात्र त्या बेटांचे नव्हते. ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहे: ऊस. न्यू गिनीत माणसाळलेला ऊस भारतात आला, इथे त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला विकसित झाली, संस्कृत 'शर्करा' शब्द अरबी-फारसीतून युरोपच्या भाषांत शिरला, आणि १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने उसाची बेणी हिस्पॅनिओलाला नेली. मिरची इकडे येण्याआधीच ऊस तिकडे पोचला होता.

ऊस हे पीक थांबून राहत नाही. तोडला की तो लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो. म्हणून मळेवाल्याला हुकमी मजूर लागतो. हे मजूर आफ्रिकेतून गुलाम करून आणले गेले. त्यांच्याच जहाजांच्या वाटेने एक धान्य कॅरिबियनला पोचले, तेही लातूरकरांच्या ओळखीचे: तूर. मूळची भारतातली तूर फार पूर्वी आफ्रिकेत रुजली होती, तिथून ती गुलामांच्या व्यापाराबरोबर पलीकडे गेली. बार्बाडोसमध्ये ती कबुतरांना घालत, म्हणून इंग्रजीत तिचे नाव कबुतरांचा वाटाणा असे पडले. जमैकात नाताळच्या जेवणात तुरीचे ओले दाणे नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवतात. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच तुरीची एक लांबची शाखा जमैकाच्या सणाच्या ताटात आहे.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि उमेदवारीच्या नावाखाली राहिलेले बंधन १८३८ मध्ये सुटले. मळेवाल्यांनी नवे मजूर शोधले ते भारतात. ५ मे १८३८ रोजी पहिली दोन जहाजे ब्रिटिश गयानाला पोचली. ३० मे १८४५ रोजी 'फतेह अल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून साडेतीन महिने प्रवास करून सुमारे सव्वादोनशे माणसांसह त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय गेले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, काही मद्रासकडचे. पाच वर्षांच्या कराराला, म्हणजे 'ॲग्रीमेंट'ला, ते 'गिरमिट' म्हणत. रामाधीन, कन्हाई, कालीचरण, चंद्रपॉल ही नावे वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघात कुठून आली, याचे उत्तर याच जहाजांत आहे.

या प्रथेविरुद्ध उभे राहिलेल्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळ वसाहतीकडची मजूरभरती थांबवण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मंजूर करून घेतला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सर्वच वसाहतींसाठीची ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. १९१७ मध्ये भरती थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

जहाजात चढणाऱ्या माणसाला सोबत फारसे काही नेता येत नाही. चवीची आठवण आणि हाताची सवय मात्र नेता येते. त्रिनिदादच्या रस्त्यावर आज सकाळी न्याहारीला आणि रात्री उशिरापर्यंत 'डबल्स' मिळतात. हीच ती वाट पाहणारी हातगाडी! हळद घातलेल्या मैद्याच्या मऊ तळलेल्या दोन चकत्या, मध्ये रस्सेदार छोले, वरून चिंचेची चटणी, काकडी आणि जहाल मिरचीचा सॉस. विकणारा हे सगळे कागदात गुंडाळून झटक्यात हातात देतो. चकतीचे नाव 'बारा', म्हणजे भोजपुरी 'बरा', आपला वडा. छोल्यांना तिथे 'चना' म्हणतात. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन गावी दीन कुटुंबाने हा पदार्थ विकायला सुरुवात केली. आधी एकाच बाऱ्यावर चना मिळे. गिऱ्हाईक 'डबल' मागू लागले, आणि तेच नाव झाले.

यातल्या प्रत्येक घटकामागे तडजोड आहे. हरभऱ्याची डाळ सहज मिळेना, म्हणून दालपुरीत वाळलेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. कोथिंबिरीच्या जागी तिथल्या रानात उगवणारी, तशाच पण जास्त उग्र वासाची एक वनस्पती सापडली. लोकांनी तिचे नाव ठेवले 'बन धनिया', रानकोथिंबीर. मिऱ्यावरून मिरची, मुगावरून भुईमूग, रक्तालूवरून रताळे, आणि महासागराच्या त्या टोकाला धन्यावरून बन धनिया. खोड तीच! आपली माणसे तिथे नवखी होती, तरी अनोळखी झाडाला त्यांनी घरचे नाव दिले. असेच मॉरिशसला घडले. तिथे मुंबई बंदरातून मराठी मजूरही गेले. तिथली रस्त्यावरची सर्वांची आवडती न्याहारी म्हणजे डाळ भरलेली पुरी. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला ती परकी वाटणार नाही.

आता गंजगोलाईतली गाडी आणि प्रिन्सेस टाउनची गाडी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एकीकडे वडा आपला आणि त्यातला बटाटा त्यांच्याकडचा. दुसरीकडे बारा, हळद, चिंच ही आपल्याकडून गेलेली आणि वरचा मिरचीचा जाळ मूळ तिथला. (चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची बरे का, तरी लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते योग्यच आहे.) दोन्ही पदार्थ उभ्याने, एका हाताने, थोड्या पैशांत खायचे. कारण खाणारा माणूस कामावर निघालेला किंवा कामावरून परतणारा आहे. त्याच्याकडे ताट, पाट आणि सवड यांपैकी काहीच नाही.

आणि इथेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. दसरा-दिवाळी उलटली, की लातूर, नांदेड, बीड, परभणी या जिल्ह्यांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. सोबत भाकरी आणि ठेचा. भाकरीची ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली, ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेतून. ऊसतोड आणि गिरमिट एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. समुद्र ओलांडावा लागत नाही, पावसाळ्याआधी माणसे घरी परततात, मतदानाचा हक्क आहे. पण पीक तेच आहे, तोडल्यावर न थांबण्याचा त्याचा स्वभाव तोच आहे, आणि आगाऊ रकमेने माणूस बांधून घेण्याची रीतही ओळखीची आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वर्गातली काही बाके नोव्हेंबरात रिकामी होतात. त्या बाकांवरची मुले इतिहासाच्या पुस्तकातल्या 'वसाहती आणि मजूर' या धड्याबाहेरची नाहीत.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मग आपले असे काय राहिले? बीज कुठले, हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुराव्याने द्यावे. तिथे भावनेला जागा नाही. अन्न कुणाचे, हा वेगळा प्रश्न आहे. ज्यांनी ते पिकवले, त्यातले विष काढायला शिकले, नवे नाव दिले, हाती असलेल्या दुसऱ्या जिनसांशी जुळवून चार माणसांना खाऊ घातले, अन्न त्यांचे. या अर्थाने ठेचा पुरता मराठवाड्याचा आहे आणि डबल्स पुरते त्रिनिदादचे. आणि या दोन्हींत ताइनोंचाही वाटा आहे. त्यांचा समाज मोडला, तरी त्यांच्या भाषेतला एक शब्द आपण रोज उच्चारतो. निदान तो कुणाचा, हे मुलांना माहीत असावे.

वर्गात करायचा उपक्रम सोपा आहे. प्रत्येकाने कालच्या जेवणातला एक पदार्थ घ्यावा आणि त्यातल्या घटकांचे तीन रकाने करावेत: नाव, मूळ प्रदेश, आणि तो तिथला असल्याचा पुरावा. तिसरा रकाना भरल्याशिवाय दुसरा ग्राह्य धरू नये. मग चौथा रकाना घरी जाऊन भरायचा: हा पदार्थ करायला आपल्या घरात कोण कुणाकडून शिकले? लातूरच्या त्या मुलीने वहीत सगळ्यांत आधी हाच रकाना भरला असता, तर तो प्रश्न तिला पडला नसता. पण मग आम्हालाही हे सगळे शोधावे लागले नसते.